कर्नलचा पाय, रंजनाची किल्ली

१

हे कुणाला पटणार नाही. पटलंच, तर एकनाथरावांच्या मिशा उतरवून अफझलगंजच्या पुलावर टांगा, त्यांची हरकत नाही.

आपली प्रत्येक गोष्ट एकनाथराव याच पैजेनं सुरू करत, आणि आजवर मिशा शाबूत होत्या. उभा जन्म हैदराबादच्या दिवाणी कोर्टात गेला. काळा कोट अंगावर असेपर्यंत हा माणूस एक शब्द खोटा बोलत नसे. त्याचीच भरपाई म्हणून की काय, कोट खुंटीला लागला की थापांचा नळ सुटे. त्यातली सगळ्यांत जुनी थाप सिकंदराबादच्या कर्नलची. कर्नल मीर आलमच्या तलावात पोहायला उतरला, मगरीनं त्याचा डावा पाय गुडघ्यापासून नेला, आणि कर्नलनं मगरीवर दावा ठोकला. वकील अर्थात एकनाथराव. समन्स घेऊन गेलेला बेलीफ परत आला तो नुसती टोपी घेऊन. बडीचावडीतल्या मराठी घरांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मगर तलावातून वर यायच्या आधीच चहा वर यायचा.

न पटणाऱ्या थापेनं कुणाचं वाकडं होत नाही. पंचाईत होते ती थाप पटल्यावर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाचा फोन आला. “एकनाथकाका, मी माझ्या दारात उभी आहे आणि मला आत जाता येत नाहीये. तुम्ही या ना.”

ऑटोवाल्यानं विचारलं, “कहाँ छोडना बोले सो, साब?” तर पत्ता सांगताना एकनाथरावांचा शब्द अडखळला. बहुधा वयामुळे.

सुलतान बाजारच्या मागल्या गल्लीत रंजनाचं बैठं घर. समोरच्या बांगडीवाल्याच्या पायरीवर ती बसली होती, गळ्यात शिवणाची टेप तशीच लोंबत. विधवा बाई, पन्नाशी ओलांडलेली. शिवलेल्या नऊवारी आणि पैठणीची ब्लाउजं यांत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दिवाळीनंतरच्या नवऱ्या मुलींची कापडं आत मशीनपाशी पडलेली. दारावर तिचं जुनं पितळी कुलूप. आणि फाटकाला एक कोरी करकरीत साखळी, शेजारी खुर्ची टाकून बसलेला एक अनोळखी वॉचमन.

“साखळी कुणाची?”

“मिलिंदची. म्हणतो, तुमचा पट्टा संपला, रंजनाताई. तुम्हीच सोडलात.”

एकनाथराव उखडले. “पट्टा संपला? ह्याच्या आजोबांनी मोकळी जमीन तुझ्या आजेसासऱ्यांना भाडेपट्ट्यानं दिली, रीतसर नोंदवून. जमीन त्यांची, वरच्या भिंती तुमच्या. मुदत तुझ्या नातवंडांना पुरेल. त्यानं उद्या जमीन विकली तरी घेणाऱ्याला तुझ्या पट्ट्यासकटच घ्यावी लागते. आणि पट्टा मोडला असं त्याला वाटत असेल तर नोटीस द्यावी, कोर्टात यावं. साखळी घालून घर रिकामं करायचा कायदा कधी झाला?”

“हेच मी म्हटलं. तर म्हणाला, किल्ली तुम्ही स्वतः आणून माझ्या घरात ठेवलीत, म्हणजे ताबा दिलात. सिकंदराबादला असाच एक खटला झालाय, म्हणतो.” रंजनानं मान वर केली. “काका, असा खटला झालाय का हो?”

एकनाथराव साखळी निरखायला वळले.

२

किल्लीची हकीकत अशी.

दोन्ही घरच्या आजोबांनी एक रीत घातली होती. पट्ट्यात तिचा उल्लेख नव्हता, ती नुसती पाळली जायची. दर दसऱ्याला पट्टेदारानं घराला कुलूप लावून किल्ली मालकाच्या घरी न्यायची. खंडेनवमीला मांडलेल्या शस्त्रांशेजारी, पुस्तकांशेजारी ती पूजेत ठेवायची. आरती झाली की मालकानं किल्लीला कुंकू लावून, वर जम्मीचं, म्हणजे शमीचं, पान ठेवून ती पट्टेदाराच्या हातात परत द्यायची. जमीन कुणाची हे पट्टेदारानं विसरू नये, आणि दार कुणाचं हे मालकानं. किल्ली एकच. दुसरी फार पूर्वी मुसीच्या पुरात गेली, असं सांगत.

“मग काल काय झालं?” एकनाथरावांनी विचारलं.

“काल दरवर्षीसारखंच. कुकटपल्लीला मिलिंदच्या फ्लॅटवर गेलो, मी आणि माझा अजय. किल्ली ताटात ठेवली. आरती झाली. मिलिंद म्हणाला, आधी खाली नव्या गाडीची पूजा उरकू, मग किल्ली देतो. सगळे खाली गेलो. सावित्रीकाकू तेवढ्या वर राहिल्या, गुडघे दुखतात ना. आणि हर्षदा पुऱ्या तळत होती. मी गाडीला ओवाळत होते. मिलिंद तिथल्या वॉचमनशी भांडत होता. सोसायटीत भोपळा फोडू नका म्हणे, फरशी खराब होते. वर आलो तर ताटात किल्ली नाही.”

“अजय?”

रंजनानं गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. “तो मधे एकदा वर गेला होता. चाकाखाली ठेवायला लिंबं आणायला.”

“किल्ली नाही म्हटल्यावर मिलिंद काय म्हणाला?”

“आधी चांगलाच दचकला. चौरंगाखाली बघितलं, सोफा हलवला. आणि मग एकदम शांत झाला, काका. म्हणाला, असेल घरातच कुठेतरी, सापडली की देतो. संध्याकाळी साखळी.”

एकनाथरावांना गणपती आठवले.

मिलिंदकडच्या गणपतीला ते जेवायला गेले होते. उकडीचे मोदक अंमळ जास्त झाले. मिलिंद जमिनीचं काढून बसला: मालक असून जमिनीचा उपयोग काय, बिल्डर म्हणतो पट्टेदारासकट नको. मिलिंद, त्याची पुण्याची बायको हर्षदा, त्याची आई सावित्रीबाई, सगळी समोर बसलेली. सुपारी कातरावी तितक्या सहज एकनाथरावांनी थाप मारली. सिकंदराबादच्या कर्नलचा बंगला भाडेपट्ट्याचा. एकदा मालक दारात आला असता कर्नल दोन्ही बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला आणि म्हणाला, ही किल्ली धरा जरा. मालकानं धरली आणि खिशात टाकली. कोर्ट म्हणालं, दिली आणि घेतली, पट्टा संपला!

एरवी मिलिंद हसला असता. त्या दिवशी त्यानं विचारलं, “काका, खरंच? वकील म्हणून सांगा.”

आयुष्यभर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एकनाथरावांना असं काही भरून आलं की ते म्हणाले, “देवाशप्पथ.”

खरा कायदा त्यांना झोपेतही पाठ होता. नुसती किल्ली इकडची तिकडे गेल्यानं पट्टा मोडत नाही. देणाऱ्याच्या मनात जागा सोडायची हवी, घेणाऱ्याच्या मनात ती त्या अर्थानं घ्यायची हवी. दसऱ्याच्या किल्लीत दोन्हीकडे फक्त कुंकू होतं. साखळी घातल्याबद्दल रंजना कोर्टात गेली असती तर ताबा तिला परत मिळालाच असता. पण कोर्टाचा ताबा येईस्तोवर नवऱ्या मुलींना पोरं झाली असती.

सोपा उपाय एकच होता. मिलिंदला जाऊन सांगायचं, बाबा रे, ती थाप होती. पण दोन्ही घरांनी ज्याला आपला वकील मानलं, त्यानं शपथ घालून खोटा खटला सांगितला हे कुठल्या तोंडानं बोलायचं? त्यापेक्षा किल्ली शोधावी. किल्ली सापडली की मिलिंदचा ताब्याचा दावा पडेल, रंजनाला घर मिळेल, आणि कर्नलचं नाव निघणार नाही.

“चल,” ते म्हणाले. “किल्ली कुणी घेतली ते बघू.”

“तो खटला झालाय का, ते नाही सांगितलंत.”

“ऑटो बघ आधी,” एकनाथराव म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता गल्लीच्या तोंडाशी गेले.

३

मिलिंदच्या फ्लॅटचं दार हर्षदानं उघडलं. “या काका. रंजनाताई, तुम्हीही या ना, अशा दारात काय उभ्या.” तिच्या चेहऱ्यावर ओशाळेपण होतं. “हे पहा, मी कालपासून पूजेला हातही लावलेला नाही. पोलिस आले तर ठसे नकोत का? मालिकांत बघते ना मी.”

चौरंग तसाच होता. झेंडूचा थर, त्यावर मिलिंदचा लॅपटॉप, गाडीची कागदपत्रं, स्वयंपाकघरातली विळी, आणि तांब्याचं ताट. ताटभर पिवळ्याधमक अक्षता.

“पिवळ्या?” एकनाथराव म्हणाले.

“पूजेचं तयार किट मागवलं होतं हो. इकडे हळदीच्याच अक्षता मिळतात. आईंनी केवढं तोंड वाकडं केलं! म्हणे, आपल्यात कुंकवाच्या लागतात.”

एकनाथराव वाकले. पिवळ्या दाण्यांत किल्लीचा आकार स्पष्ट उमटला होता. गोल डोकं, जाड दांडी, दोन दात. उचलताना कुणी घिसाडघाई केलेली नव्हती. आणि त्या रिकाम्या खोबणीत, अगदी मधोमध, चार-पाच लालसर दाणे.

ते बघून एकनाथराव जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

“कंबर धरली का काका?” हर्षदा.

“धरली. तू काल कुठे होतीस, हे लोक खाली गेले तेव्हा?”

“ओट्यापाशी. चिमणी चालू, कढई चालू, कानांत गाणी. चोर मला ‘येतो हं’ म्हणून गेला असता तरी कळलं नसतं.”

तेवढ्यात मिलिंद आतून आला. रंजनाला बघून त्यानं नजर खिडकीकडे नेली. “काका, बरं झालं आलात. तुम्हीच हिला समजावून सांगा.”

“किल्ली कुठाय?”

“घरातच आहे. माझ्या घरात, म्हणजे माझ्या ताब्यात. तिनं आणून ठेवली, चार माणसांच्या देखत.”

“तुझ्या हातात आहे?”

“हातात असायला कशाला हवी?” मिलिंदचा आवाज चढला. “काका, मी काय राक्षस नाही. त्यांना मी दुसरी जागा बघून देईन. पण आजोबांनी केव्हातरी एक कागद केला म्हणून मी जन्मभर नावाचा मालक राहू? स्वतःच्या जमिनीवर मला साधी गाडी लावता येत नाही!”

“पट्ट्याचं भाडं मागायचा तुला हक्क आहे. जागा नीट राखलीय का, हे सांगून-सवरून येऊन बघायचा आहे. मुदत संपली की जमीन परत घ्यायचा आहे. तोवर दाराच्या आत हक्क तिचा. नावाचा मालक नव्हेस तू, मुदतीपुरता थांबलेला मालक आहेस.”

“आणि तुमचा तो खटला? वकील म्हणून सांगितला होतात.”

रंजनानं चटकन एकनाथरावांकडे पाहिलं. “तुमचा?”

एकनाथरावांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. “सावित्रीवहिनी कुठे आहेत?” ते म्हणाले.

४

सावित्रीबाई आतल्या खोलीत खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, नाकात मोत्याची नथ, मांडीवर पितळी पानदान. निजामाच्या अमदानीतल्या सासरहून हा डबा त्यांच्याबरोबर कुकटपल्लीच्या नवव्या मजल्यापर्यंत आला होता. मराठी बाईच्या हाती पानदान बघून पुण्याचे पाहुणे चकित होत. जुन्या हैदराबादच्या माणसांना त्यात काही वाटत नसे. सावित्रीबाईंकडे गेलेला माणूस विडा खाल्ल्याशिवाय परत आला, असं कधी झालं नव्हतं.

“या भावजी. काल दसऱ्याला फिरकला नाहीत. अलय-बलयची गळाभेट नाही, पान नाही, सोनं नाही.”

“गुडघे, वहिनी.”

“तुमचे पण? छान.” त्यांनी शेजारच्या देव्हाऱ्यातली चांदीची कोयरी ओढली, चिमूटभर अक्षता काढल्या आणि एकनाथरावांच्या डोक्यावर टाकल्या. दोन दाणे घरंगळून त्यांच्या बाहीवर आले. लाल.

“काल सगळे खाली गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“बाहेरच्या खुर्चीत. डोळा लागला होता माझा.”

“काही पाहिलं नाहीत?”

“डोळा लागलेलं माणूस काय पाहणार, भावजी?” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, “तो कर्नल हो… किल्ली गेल्यावर तो खरंच बेघर झाला? नंतर कुठे गेला तो?”

सावित्रीबाईंनी एकनाथरावांच्या गोष्टीतल्या माणसाची चौकशी कधी केली नव्हती. विषय बदलायला ते म्हणाले, “बसल्याबसल्या एक विडा तरी लावा.”

सावित्रीबाईंचे दोन्ही हात पानदानाच्या झाकणावर आले.

“सुपारी संपलीय,” त्या म्हणाल्या.

५

अजय खाली पार्किंगमध्ये सापडला. फोडलेल्या भोपळ्याचा गर अजून फरशीवर होता. अजय आय.टी.मधला, याच कुकटपल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. मराठी बोलताना मधेच घसरणारा.

“अंकल, मी तुम्हाला स्ट्रेट सांगतो. आईनं ते घर सोडावं असं मला वाटतं. हौ, वाटतं. रात्रंदिवस मशीन, पाठीचं हाड वाकलंय तिचं. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, तुझ्याकडे मी पाहुणी, तिथे मी घरवाली.”

“म्हणून किल्ली उचललीस?”

अजयनं खिशात हात घातले, बाहेर काढले. “उचलणार होतो.”

“काय?”

“लिंबं फक्त बहाणा. चावी घ्यायलाच वर गेलो होतो. वाटलं, हरवली तर आई दोन दिवस माझ्याकडे राहील, मग तिला सवय होईल. पण ताट रिकामं होतं, अंकल. माझ्या आधीच कुणीतरी…” त्यानं बुटानं भोपळ्याची फोड बाजूला सारली. “काल ती माझ्या घरी रडली. मी तोंड उघडलं नाही. मी घेतली नाही, पण घ्यायला तर गेलो होतो ना.”

“वर कोण दिसलं?”

“वहिनी किचनमध्ये. आजी खुर्चीत झोपलेल्या. पानाचा तो डब्बा पोटाशी घेऊन. लहान पोट्टे खेळणं धरून झोपतात ना, तशा.”

अजयला वर पाठवून एकनाथराव भोपळ्याशेजारच्या बाकावर बसले आणि मनातल्या मनात काळा कोट चढवला.

मिलिंद आणि रंजना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खाली होते. शिवाय मिलिंदकडे किल्ली असती तर त्यानं ती खिशातून काढून नाचवली असती. तो नुसता ‘घरात आहे’ म्हणत होता. अजय वर गेला तेव्हा ताट रिकामं झालेलं. उरल्या सासू आणि सून.

आता ते लाल दाणे. पूजेत मांडलेली वस्तू तशीच उचलायची नसते. आधी तिच्यावर अक्षता वाहायच्या, देवाला निरोप द्यायचा, जराशी हलवायची आणि मग हात लावायचा. ही उत्तरपूजा. हर्षदाला हे ठाऊक असतं तरी तिच्या हाताशी पिवळ्या अक्षता होत्या, ताटभर. अजयला लिंबाची फोड आणि देवाचा निरोप यांतला फरक कळत नव्हता. चोरी करतानाही ज्या बाईला देवाचा निरोप घ्यावासा वाटला, आणि त्यासाठी जिनं बाजारच्या पिवळ्या अक्षता नाकारून आपल्या कोयरीतल्या लाल आणल्या, ती या घरात एकच होती. आणि हैदराबादेत तिच्या घरची सुपारी संपली, हे एकनाथरावांच्या सगळ्या थापांपेक्षा मोठं खोटं होतं.

पण का? हेही कळायला वेळ लागला नाही. त्या गणपतीला सावित्रीबाई समोरच होत्या. मुलाचा चेहरा आईला वाचता येतो. यंदा मिलिंद किल्ली घेणार आणि परत देणार नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्याच्या हातात पडायच्या आधीच ती त्यांनी काढून घेतली, रंजनाला नंतर गुपचूप देईन म्हणून. पण मिलिंदनं रिकाम्या ताटाचाच पुरावा केला, साखळी घातली. आता किल्ली काढावी तर सगळ्यांसमोर पोटच्या पोराला लबाड म्हणावं लागतं. न काढावी तर रंजना पायरीवर.

एकनाथरावांनी डोळे मिटले. ज्या भीतीनं ते स्वतः सकाळपासून गप्प होते, त्याच भीतीनं नवव्या मजल्यावर एक म्हातारी डबा पोटाशी धरून बसली होती. आणि दोघांच्याही भीतीची पहिली काडी त्यांनीच ओढलेली.

तिचं नाव घ्यायचं नाही, त्यांनी ठरवलं. एक शेवटची थाप मारायची. बस्स.

६

सगळ्यांना त्यांनी दिवाणखान्यात बसवलं. सावित्रीबाईंना हर्षदानं धरून आणलं. पानदान त्यांच्या मांडीवर आलंच.

“हे कुणाला पटणार नाही,” एकनाथराव म्हणाले, “पण चोर सापडला.”

अजयनं मान खाली घातली. मिलिंदनं घातली नाही, पण त्याचा पाय हलू लागला.

“माकड,” एकनाथराव म्हणाले.

“माकड?” हर्षदा.

“लाल तोंडाचं. समोरच्या टॉवरवरून पाइप धरून येतं. खालच्या मजल्यावरच्या रेड्डींच्या बाईचा चष्मा त्यानंच नेला. बाल्कनी उघडी, घरात सामसूम, ताटात चकचकीत पितळ. उचललं. पण या जातीच्या माकडाचा एक गुण आहे. खाता येत नाही असं कळलं की वस्तू तिथेच आणून ठेवतं. तेव्हा आज तिन्हीसांजेला बाल्कनीत कुणी जाऊ नका. उद्या सकाळी बघा, झेंडूच्या कुंडीमागे किल्ली असेल.” हे म्हणताना त्यांनी हळूच सावित्रीबाईंकडे पाहिलं. “कुणाला काही विचारायची गरज नाही. माकडावर कोण खटला भरतो?”

रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, माझ्या गिऱ्हाइकांच्या मुलींची लग्नं तोंडावर आलीत, आणि तुम्हाला गंमत सुचते?”

मग झाकण उघडल्याचा खट् आवाज झाला.

सावित्रीबाईंनी पानदानातला वरचा कप्पा उचलला. काथाची डबी, चुन्याची डबी, सुपारी. भरपूर सुपारी. खालून किल्ली काढली. दांडीला चुना लागला होता, तो त्यांनी पदराला पुसला.

“माकड अक्षता वाहून किल्ली उचलतं होय, भावजी?” त्या म्हणाल्या. “माझ्यावर पांघरूण घालायला निघालात. पण त्या पांघरुणाखाली ही पोर पायरीवर बसलीय त्याचं काय? मी घेतली. ह्याच्या हातात पडू नये म्हणून घेतली.” त्या मिलिंदकडे बघत नव्हत्या. “काल दुपारीच द्यायची होती, रंजना. धीर झाला नाही. पोराला काय म्हणतील लोक, म्हणून गप्प बसले. रात्रभर तू कुठे झोपलीस हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. घे बाई. कुंकू मीच लावते यंदा.”

रंजनानं ओंजळ पुढे केली. किल्ली तिच्या हातात पडली आणि मूठ मिटली. सावित्रीबाईंचा हात तिनं सोडला नाही.

मिलिंद खुर्चीतून उठला. “आई, अगं… मी दुसरी जागा देणारच होतो त्यांना.” हर्षदा खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग बुडत्याला काडी सापडावी तसा तो वळला. “पण किल्ली या घरात आली हे खरंच ना? हिनं आणली, रात्रभर इथे राहिली. काका, कर्नलच्या खटल्यात तेच झालं होतं. तुम्ही देवाशप्पथ सांगितलंत!”

सगळ्यांच्या माना एकनाथरावांकडे फिरल्या. रंजनाचीही. तिनं सकाळी विचारलेला प्रश्न अजून तिच्या डोळ्यांत तसाच होता.

खरं बोलायची हीच वेळ होती; दार सताड उघडं होतं. एकनाथरावांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं ते असं: “हां, तो खटला… तो पुढे अपिलात फिरला. कर्नल जिंकला. निकालात असं म्हटलंय की, किल्ली जर नाड्या बांधण्यापुरती दिली असेल, तर…”

“भावजी.”

सावित्रीबाई पानाला चुना लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कर्नल दोन्ही बुटांच्या नाड्या बांधत होता म्हणालात ना गणपतीला?”

“दोन्ही,” एकनाथराव म्हणाले. “चांगला वाकून.”

सावित्रीबाईंनी विडा दुमडला, वर लवंग टोचली आणि एकनाथरावांच्या पुढे धरला.

“मग मगरीनं खाल्लेल्या पायात बूट कसा आला?”